धाकटीची कुपी

इस्पितळात तिला थेंबबाई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते तिलाही आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्याने उगाच पाडलं नव्हतं. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून ती अर्ध्याहून अधिक आयुष्य थेंबच टाकत आली होती. गुळगुळीत पांढऱ्या कार्डावर छापलेल्या वर्तुळात रक्तावरच्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, त्यावर बाटलीतल्या काळपट द्रावणाचा एक थेंब. मग ते कार्ड गोल गोल हलणाऱ्या यंत्रावर ठेवायचं आणि यंत्र थांबलं की दिव्याखाली तिरकं धरून बघायचं. द्रावणात कोळशाची बारीक पूड असते. रक्तात सिफिलिस या गुप्तरोगाची खूण असेल तर ती पूड एकवटते, काळे कण गोळा होतात, वर्तुळात मोहरी सांडल्यासारखे. खूण नसेल तर सगळं एकसारखं राखाडी, ढगाळ दिवसासारखं.

हात असा की थेंब कधी जाडा पडला नाही, कधी शिंतोडा उडाला नाही. घरी चहात दूध घालतानासुद्धा ती पातेलं इतकं जपून तिरकं करी की आई म्हणे, "अगं ओत की! माझी तपासणी नाही चाललीय."

लग्न झालं नाही. स्थळं आली होती. एकदा पाहायला आलेल्या मंडळींनी विचारलं, मुलगी नक्की काय काम करते, आणि तिने सरळ सांगितलं. मंडळींनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्यानंतर स्थळं यायची थांबली, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. वडील लवकर गेले होते, आईचे गुडघे धरले होते, आणि धाकटीला वाढवायचं होतं. धाकटी म्हणजे तिची बहीण, तिच्याहून इतकी लहान की रस्त्यात लोक मायलेकी समजत. तिची वेणी थेंबबाईने घातली, शाळेचं दप्तर तिने भरलं, पहिल्या पाळीला पोटाशी घेऊन तीच बसली.

खोलीत शेजारच्या टेबलावर मलेरियावाला बसे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून तो रक्ताच्या काचा बघायचा, आणि डोळा काढला की तोंड सुरू.

"बाई, तुमच्याकडे काळं, माझ्याकडे जांभळं. एखादा कोरा करकरीत कागद कधी बघणार हो आपण?"

"निवृत्तीच्या दिवशी. निरोपाचं भाषण लिहून दिलेलं असतं ना, त्याची मागची बाजू."

खोलीला एकच खिडकी, ती धुलाईघराच्या मागे उघडायची. तिथून दिवसभर वाफ आणि ओल्या चादरींचा वास येई. गरोदर बाई नाव घालायला आली की तिच्या रक्ताची नळी या खोलीत यायची. बाईचा चेहरा यायचा नाही, नुसता क्रमांक यायचा. त्या क्रमांकाच्या संसारात काय घडून गेलंय ते त्या बाईच्या आधी थेंबबाईला कळे, आणि ती ते कुणाला सांगत नसे. घरी जाताना हात धुवावेत तसं ती ते धुऊन टाकी.

मग एक दिवस ती स्वतःच्या मुठीत धरून एक नळी घेऊन आली. नळी कोमट होती. धाकटीला दिवस गेले होते.

कार्डावर मोहरी सांडली.

तिने दुसरं कार्ड घेतलं. मग नवी बाटली फोडली. मग मलेरियावाल्याला म्हणाली, "माझे डोळे आज दुखतायत. जरा बघ रे."

"ह्यात बघायचं काय? आंधळ्यालाही दिसेल. कुणाचं आहे?"

"आहे एकीचं."

धाकटीचा नवरा लिफ्ट बसवायचा. नव्या इमारतींच्या पोकळ विहिरीत दोरांना लटकून काम करायचं, महिनोन् महिने परगावी. अबोल, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धाकटीला थेंबबाईने इस्पितळाच्या मागच्या जिन्यात बसवून सांगितलं. धाकटी बराच वेळ समोरच्या भिंतीचे पोपडे बघत राहिली.

"म्हणजे तो..."

"म्हणजे तो."

"तूच तपासलंस, ताई?"

"हो."

"छान. म्हणजे तोंडाला काळं फासायला घरचंच माणूस लागलं." असं म्हणून ती हसली, आणि ते हसू ओठांवरच वाकडं झालं. थेंबबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. जिन्यातून लोक वरखाली करत होते, त्यांना वाटलं, बाळंतपणाला घाबरलेली पोर दिसते.

उपचार होता, साधा होता. आठवड्याला एक इंजेक्शन. धाकटीने सगळी वेळेवर घेतली, बाळ यायच्या पुष्कळ आधी. नवऱ्यानेही घेतली. तो येऊन रांगेत बसायचा, बाही वर करायला लागायचा, मग आठवायचं की हे कमरेत देतात. दोघांत काय बोलणं झालं ते थेंबबाईने विचारलं नाही. धाकटी एकदाच आपणहून म्हणाली, "त्याला माफ केलंय की नाही ते बाळ झाल्यावर बघेन. सध्या पोटात जागा नाही."

बाळ झालं. मुलगी. रडली, ओरडली, लाल झाली. धाकटीने तिला बघितलं, बहिणीकडे बघून भुवया उडवल्या, आणि मग रक्त थांबेना.

इतकंच. पुढे सांगण्यासारखं फार नाही. वार सुटल्यावर गर्भाशय आवळायला हवं ते आवळलं नाही. माणसं धावत होती, बाटल्या चढत होत्या, एकीकडून रक्त वाहत होतं आणि दुसरीकडे त्यातलंच थोडं नळीत घेऊन जुळणारं रक्त शोधत होते. संध्याकाळपर्यंत धाकटी गेली. ज्या आजाराला भिऊन सगळ्यांनी इतके महिने श्वास धरला होता, त्याने तिला हातही लावला नव्हता.

त्या खोलीची एक रीत होती. आईच्या रक्तातल्या खुणा वारेतून बाळाच्या रक्तात जातात. आजार बाळाला झालेला असो वा नसो, आईची खूण त्याच्याजवळ येतेच. कार्डाला ती आईची की बाळाची ते कळत नाही, कार्ड नुसतं काळं होतं. म्हणून जोडी लावायची. आईचं आणि बाळाचं रक्त एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या द्रावणाने, एकाच यंत्रावर शेजारी शेजारी फिरवायचं. दोघांच्या वर्तुळांची एकेक ओळ करायची. पहिल्या वर्तुळात जसंच्या तसं, दुसऱ्यात निम्मं पातळ केलेलं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं. मोहरी कितव्या वर्तुळापर्यंत पोचते ते बघायचं. आणि पुढे बाळाला पुन्हा पुन्हा तपासायचं असतं, तेव्हा माप हवं म्हणून जुनं रक्त गोठवून ठेवायचं. बाळाचं एवढुसं असतं, पहिल्याच खेपेला संपतं. म्हणून आईचं ठेवायचं. दर खेपेला बाळाचं नवं, आईचं जुनं, शेजारी शेजारी.

धाकटीचं रक्तपेढीत होतं. जुळवणीत वापरून उरलेलं, नळीच्या तळाशी. ते एका बारक्या कुपीत भरून खोलीत आलं.

धाकटीला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी थेंबबाई कामावर हजर. मलेरियावाला उठून उभा राहिला.

"बाई, मी टाकतो थेंब. तुम्ही घरी जा."

"तुझे थेंब म्हणजे डबकी."

तिने जोडी लावली. धाकटीची ओळ चौथ्या वर्तुळापर्यंत काळी झाली, बाळाची तिसऱ्यापर्यंत. बाळांच्या डॉक्टर मॅडमनी ते बघितलं आणि खुर्ची जवळ ओढून तिला नीट समजावलं. तिला ते ठाऊक होतं, तरी तिने ऐकून घेतलं.

"आईचा उपचार वेळेत झालाय. बाळ अंगापिंडाने स्वच्छ आहे, आणि आईच्या मागे आहे. ही खूण बाळाची नाही, आईने दिलेली आहे. हळूहळू विरेल. एक इंजेक्शन देऊन ठेवू आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघू. पण उतरली पाहिजे, बाई. चढली तर ती बाळाची स्वतःची. मग गोष्ट वेगळी."

आईने दिलेली. हे शब्द घेऊन थेंबबाई घरी गेली आणि ते तिच्या मनातून हलेनात.

घरात बाळ, आई आणि ती. बाळ एवढंसं, म्हणून टिल्ली. आई टिल्लीला पायांवर घेऊन अंघोळ घालताना पाणी ओतायची आणि बोलत राहायची. "कपाळ त्याचं आहे. कान मात्र धाकटीचे. बघ, पाळी कशी चिकटलेली आहे ती. हिला डूल शोभणार नाहीत, हिच्या आईलाही शोभत नव्हते, तरी घालायची मेली." मग आईचा हात थांबायचा आणि टिल्ली थंडीने ओरडायची.

आईला सगळं माहीत नव्हतं. रक्तात जरा काहीतरी आहे, तपासत राहायचंय, इतकंच तिला सांगितलं होतं. थेंबबाई मात्र कानाकडे बघत नव्हती. टिल्ली झोपली की ती तिच्या मनगटाच्या निळ्या शिरेकडे बघायची. तिथून धाकटी वाहते आहे, असं तिला वाटे. चेहरामोहरा हे सारखेपण झालं, कुणाचंही कुणासारखं असतं. हे तसलं नव्हतं. धाकटीच्या अंगाने स्वतः घडवलेलं काहीतरी, ती गेल्यावरही या एवढ्याशा अंगात फिरत होतं. आणि ते नाहीसं व्हावं म्हणून सगळे टपून बसले होते. तीसुद्धा. ते गेलं तर टिल्ली वाचली. ते राहिलं तर टिल्ली आजारी. यात दुसरं काही मागायला जागाच नव्हती, आणि तरी रात्रीची भांडी घासताना तिच्या मनात यायचं, थोडं सावकाश जाऊ दे.

लिफ्टवाल्याने परगावचं काम सोडलं. गावातच दुरुस्तीच्या कामावर लागला. रोज संध्याकाळी यायचा, साबणाने हात घासघासून धुवायचा, तरी नखांत वंगण राहायचंच. टिल्लीला हातांवर आडवी घेऊन बसायचा, एखादी तुळई समतल धरावी तसा. एक प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला असे, पण तोंडावाटे तो कधी निघत नसे. आपण आणलेल्या आजाराने ती गेली का? नाही, हे थेंबबाईला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिने गिळून ठेवलं होतं. तिचाही कुणावर तरी राग निघायला हवा होता.

दुसऱ्या तपासणीचा दिवस आला. टिल्लीच्या टाचेतून, मग दंडातून रक्त काढलं. थेंबबाईने गोठणपेटी उघडून कुपी काढली. तिच्यावर बर्फाची साय धरली होती. अंगठ्याने पुसल्यावर खाली तिच्याच अक्षरातला क्रमांक दिसला. मुठीत धरून ती वितळवायची असते. तिने मूठ मिटली, आणि त्या गारव्याने तिला धाकटीची पहिली नळी आठवली, ती कोमट होती.

मूठ उघडून तिने कुपी उजेडात धरली. तळाशी थोडंसंच. ओळ लावायची म्हणजे दोन थेंब तरी गेले. दर खेपेला दोन. मग काय उरणार?

टिल्लीचं उतरलेलंच असणार, ती स्वतःशी म्हणाली. बाळ बाळसं धरतंय, दूध पितंय, हसतंय. मापाची गरज काय? वितळायला लागलेली कुपी तिने परत ठेवून दिली. मलेरियावाला सूक्ष्मदर्शकात होता, त्याला दिसलं नाही.

टिल्लीची एकटीची ओळ यंत्रावर फिरली. थांबल्यावर थेंबबाईने कार्ड दिव्याखाली धरलं. मोहरी चौथ्या वर्तुळापर्यंत गेली होती. जन्माच्या वेळी तिसरं, आता चौथं.

डॉक्टर मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "चढलंय? आईचं सोबत लावलं होतं ना?"

थेंबबाईने मान हलवली. तोंडाने ती खोटं बोलली नसती. मानेने बोलली.

तिचं डोकं चालत नव्हतं असं नाही. जोडी लावली नाही, हे एकदा सांगितलं की का लावली नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि ते तिला स्वतःलाच धड सांगता येत नव्हतं. शिवाय ती घाबरली होती. चढलं म्हणजे ते टिल्लीचं स्वतःचं.

टिल्लीला दाखल केलं. आजार मेंदूकडे गेलाय का बघायला पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. नर्स म्हणाली, बाळाला धरायला घरचं कुणीतरी या, आणि थेंबबाई पुढे झाली. टिल्लीला कुशीवर निजवून, गुडघे हनुवटीला भिडवून, पाठीची कमान करून घट्ट धरायचं. जरा हललं तर सुई चुकते. तो स्थिर हात आता याच कामाला आला. टिल्ली आधी तिच्याकडे बघून हसली. मावशी खेळवतेय असं वाटलं असावं. मग सुई गेली. आधी तोंड नुसतंच उघडलं, आवाज आला नाही. आवाज आला तेव्हा तो इतका मोठा होता की बाहेर बाकावर बसलेली आई उठून दाराशी आली. दुसऱ्या हाताला शिरेची सुई लावली, फळकुटाला हात बांधला. आता रोज औषध शिरेतून, दहा दिवस.

संध्याकाळी लिफ्टवाला कामावरून थेट आला. हात धुवायचे विसरला होता. दाराच्या काचेतून त्याने तो बांधलेला हात बघितला आणि आत न जाता बाकावर बसला.

"ताई."

"काय?"

"माझंच वर आलं ना तिच्यात?"

थेंबबाई त्याच्या शेजारी बसली.

"तिला खाल्लं, आता हिला. मी तिकडे उंचावर लटकायचो ना, दोर कधी तुटला नाही. मला वाटायचं माझं नशीब चांगलं आहे." तो आपल्या काळ्या नखांकडे बघत होता. "तो तुटला असता तर बरं झालं असतं, नाही? लग्नाआधीच."

"असलं बोलू नकोस."

"मग कसलं बोलू?"

त्याच्याकडे बघताना थेंबबाईला आपली बंद झालेली मूठ दिसली. दोन थेंब. दोन थेंब वाचवून तिने धाकटीचं काय राखलं होतं? धाकटी तर त्या काचेपलीकडे फळकुटाला बांधलेली होती. पेटीत होतं ते माप होतं, आणि माप वापरलं नाही तर ते काहीच नव्हतं.

ती उठून खाली गेली. मलेरियावाला डबा आवरून निघायच्या बेतात होता. "अहो बाई, खोली बंद करतोय."

"बस खाली. साक्षीला."

तिने कुपी काढली, मुठीत धरली, आणि या वेळी मूठ उघडली नाही. टिल्लीचं थोडं उरलं होतं. दोघींच्या ओळी एका कार्डावर लावल्या. यंत्र फिरत असताना मलेरियावाल्याने एकही विनोद केला नाही. थांबल्यावर त्यानेच दिवा खाली ओढला.

टिल्ली पुन्हा चौथ्यावर. धाकटी सहाव्यावर.

"पण ही तर चौथ्यावर होती," मलेरियावाला म्हणाला.

"तेव्हाची बाटली संपत आलेली होती, मरगळलेली. ही ताजी आहे, हिला थोडंही पुष्कळ दिसतं." थेंबबाईने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "तेव्हा पोर आईच्या एक घर मागे होती. आता दोन घरं मागे आहे. चढलं नाही रे. उतरलंय."

ती कार्ड घेऊन तशीच वर गेली. डॉक्टर मॅडम घरी जायला निघाल्या होत्या, पर्स खांद्याला.

"मॅडम, सकाळी जोडी लावली नव्हती."

"तुम्ही मान हलवली होती."

"हलवली होती."

"का, बाई?"

"कुपीत थोडंच उरलंय."

"त्याच्यासाठीच ठेवतो ना आपण ते?"

"हो. पण ती माझी बहीण आहे."

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. कार्ड बराच वेळ बघितलं. "मला माहीत आहे ती तुमची बहीण. म्हणून तर मी विचारलं होतं." मग त्या रागावल्या, आवाज न चढवता, आणि तेच थेंबबाईला जास्त लागलं. एवढ्याशा पोरीच्या मणक्यात सुई घातली आपण, त्या म्हणाल्या. पाठीतलं पाणी स्वच्छ निघालंय, औषध थांबवू. पण यापुढे या बाळाच्या तपासणीला तुम्ही हात लावायचा नाही. थेंब दुसरं कुणी टाकेल.

"तो डबकी टाकतो," थेंबबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मग त्याला शिकवा."

टिल्लीचा हात सोडला तेव्हा मनगटावर शिरेभोवती हिरवट निळा डाग पडला होता. तो जायला बरेच दिवस लागले. आई त्यावर रोज फुंकर घालायची आणि विचारायची, "नक्की काय झालं होतं गं?" थेंबबाईने तिला सांगितलं. सगळं नाही, पण आपल्या हातून चूक झाली हे सांगितलं. आई फुंकर घालत राहिली. "तुझ्या हातून?" ती म्हणाली. एवढंच. त्या दिवसापासून चहात दूध आई स्वतः घालू लागली.

मलेरियावाला शिकला. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या कार्डावर साध्या पाण्याचे थेंब टाकत बसायचा. "बाई, बघा, हा कसा आहे?" "बेडूक बसेल त्यात." "आणि हा?" "हा जरा बरा. ह्यात नुसती बेडकी." पुढच्या खेपेला जोडी त्याने लावली. थेंबबाई हात पाठीमागे बांधून उभी राहिली. टिल्ली आणखी मागे गेली होती, फक्त पहिल्या वर्तुळात थोडी मोहरी. धाकटी होती तिथेच. धाकटीचं रक्त त्याच एका दिवसात गोठून राहिलं होतं. त्याला बरं व्हायला कुणी वेळच दिला नव्हता.

शेवटच्या खेपेला टिल्ली बसायला लागली होती. लिफ्टवाला तिला कडेवर घेऊन बाहेर पायऱ्यांवर थांबला. मलेरियावाल्याने कुपी उलटी धरून बोटाने टिचकी मारली, पुन्हा मारली. काचेला चिकटलेलं सगळं ओघळून टोकाशी आलं.

"पुरेल?" थेंबबाईने विचारलं.

"गप्प बसा. डबकं करायला तरी पुरतंय का बघू दे." त्याने श्वास रोखला होता. थेंब पडला, गोल, बारीक, कुठेही न शिंतडता. "हं. बघा."

थेंबबाईने बघितलं. तिने टाकला असता तरी याहून चांगला पडला नसता.

यंत्र फिरून थांबलं. मलेरियावाल्याने कार्ड दिव्याखाली तिच्यासाठी धरलं. टिल्लीची ओळ पहिल्या वर्तुळापासून शेवटपर्यंत राखाडी, सपाट. कणसुद्धा नाही. वरच्या ओळीत धाकटी होती, काळी, दाट, एकेक वर्तुळ चढत गेलेली. थेंबबाई त्या वरच्या ओळीकडेच बघत राहिली. कार्ड वाळायला लागलं तसे कण कडेला सरकले.

"बाई, पोरगी सुटली," मलेरियावाला हळूच म्हणाला.

"हो."

"कुपी?"

"रिकामी आहे. टाक ती."

बाहेर दुपारचं ऊन होतं. लिफ्टवाला तिला बघून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

"उतरलं," ती म्हणाली. "काहीच राहिलं नाही आता."

त्याने टिल्लीच्या डोक्यावर गाल टेकवला. खांदे हलत होते. टिल्लीला गंमत वाटली, तिने त्याचा कान ओढला.

"आणि ऐक. धाकटी त्या आजाराने नाही गेली. रक्त थांबलं नाही म्हणून गेली. ते कुणालाही होतं. तुझा त्यात काही संबंध नव्हता."

त्याने टिल्लीच्या मुठीतून कान सोडवला. मग म्हणाला, "हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्याने टिल्लीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आता तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त टिल्लीची टोपी सरळ केली आणि म्हणाला, "ऊन लागतंय हिला. नेतो मी घरी."

तो पायऱ्या उतरून चालू लागला. टोपी आईने विणलेली, एक नंबर लहान झालेली. तिच्याखालून कान बाहेर आले होते, उन्हात लाल झालेले, पाळी चिकटलेले. वळणापर्यंत ते दिसत होते. मग आतून मलेरियावाल्याने हाक मारली, नळ्या येऊन पडल्या होत्या. थेंबबाई आत गेली आणि हात धुवायला उभी राहिली.